पुस्तकातलं दुःख पडद्यावर येतं तेव्हा: मुलांसोबत अशा फिल्म्स कशा बघायच्या

माझ्या हातून झालेली एक चूक आधी सांगते, कारण खाली जे काही लिहिलंय ते सगळं त्या चुकीतूनच आलंय. लेक तेव्हा आठ वर्षांची होती. आम्ही दोघी 'ब्रिज टू टेराबिथिया' बघत होतो. ट्रेलरमध्ये जंगल, अवाढव्य राक्षस, झाडावरचं राज्य असं सगळं होतं, मला वाटलं छान जादूची फिल्म असेल. मग तो सीन आला. जेस दिवसभर बाहेर मजा करून घरी येतो, घरातले सगळे गप्प, आणि त्याला कळतं की त्याची मैत्रीण लेस्ली गेली, ओढ्यावरचा झोक्याचा दोर तुटला. लेकीने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली, आणि मी काय केलं तर रिमोट उचलून टीव्ही बंद केला. 'पुरे आता, चल,' म्हणाले. मला वाटलं मी तिला वाचवलं.

त्यानंतर कितीतरी दिवस रात्री दिवा मालवला की ती एकच विचारायची. 'आई, त्याने तिला पण सोबत नेलं असतं तर?'

हा प्रश्न तिचा एकटीचा नव्हता, जेसचाही तोच आहे. त्या दिवशी तो आवडत्या टीचरबरोबर म्युझियम बघायला गेलेला असतो आणि लेस्लीला बोलवत नाही, आणि ती गेल्यावर हेच त्याला आतून खातं. फिल्मचा उरलेला सगळा भाग या प्रश्नाचं उत्तर शोधतो. बाबा त्याला जवळ घेतात, सगळ्यात कडक बाई त्याला बाजूला बोलावून स्वतःचं दुःख सांगतात, शेवटी तो त्याच ओढ्यावर पूल बांधतो आणि धाकट्या बहिणीला हाताला धरून पलीकडे नेतो. मी लेकीला प्रश्न दाखवला आणि उत्तराच्या आधी टीव्ही बंद केला.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की मुलांच्या दुःखाच्या गोष्टींत मरणाचा सीन महत्त्वाचा असतोच, पण मुलासाठी खरं काम त्याच्या पुढच्या भागात झालेलं असतं, आणि आपली सगळी तयारी मुलाला तिथपर्यंत सोबत घेऊन जायची असली पाहिजे. हे कसं करायचं ते आता क्रमाने सांगते. काही पायऱ्या लांबलचक झाल्यात, काही दोन ओळींत संपतात.

पहिली पायरी: ट्रेलर आणि सर्टिफिकेट दोन्हीवर भरवसा ठेवू नका

ट्रेलर फिल्म खपवायला बनवलेला असतो, त्यात दुःख दाखवून कोण तिकीट विकणार. वर सांगितलेल्या २००७ च्या फिल्मची जाहिरात जादूची सफर असल्यासारखी केली होती, पण ज्या पुस्तकावर ती आहे ते १९७७ चं कॅथरीन पॅटरसन यांचं पुस्तक मुळात एका खऱ्या मरणातून आलंय. त्यांच्या मुलाची, डेव्हिडची, आठ वर्षांची मैत्रीण वीज पडून गेली, मुलगा कोलमडला, आणि त्याला काय सांगायचं हे न कळून आईने पुस्तक लिहिलं. पुढे तोच डेव्हिड मोठा होऊन या फिल्मच्या पटकथेच्या लेखकांपैकी एक झाला. हे मला आधी माहीत असतं तर मी त्या संध्याकाळी नीट तयारीने बसले असते. म्हणून फिल्म लावायच्या आधी ती कोणत्या पुस्तकावर आहे, ते पुस्तक का लिहिलं गेलं, एवढं तरी शोधा, पाच मिनिटांचं काम आहे.

सर्टिफिकेटचंही तेच. त्यात हिंसा, शिव्या, रक्त वगैरे मोजतात, दुःख किती खोल जाईल हे कोणी मोजत नाही. 'वॉटरशिप डाउन' बघा. रिचर्ड ॲडम्सनी ही सशांची गोष्ट आधी आपल्या मुलींना गाडीतून जाताना सांगितली होती, पुस्तक आलं १९७२ ला आणि कार्टून फिल्म १९७८ ला. ब्रिटनमध्ये तिला सगळ्यांसाठी चालेल असं 'यू' सर्टिफिकेट मिळालं आणि ते चार दशकांहून जास्त काळ तसंच राहिलं, अगदी अलीकडे, २०२२-२३ मध्ये, ते बदलून 'पीजी', म्हणजे पालकांनी लक्ष ठेवून दाखवावी असं झालं. मधल्या काळात ससे बघायला म्हणून बसलेल्या किती पोरांनी गाडले गेलेले, गुदमरणारे, एकमेकांना फाडणारे ससे बघितले असतील त्याची गणतीच नाही. कार्टून म्हणजे लहान मुलांचं हे समीकरण डोक्यातून काढून टाका.

दुसरी पायरी: आधी एकटीने बघा, वही घेऊन

हो, अख्खी फिल्म. वेळ नाही म्हणाल तर निदान शेवटचा अर्धा तास. या पायरीला पर्याय नाही, बाकी सगळं नंतर सांभाळून घेता येतं. बघताना मी पाच गोष्टी लिहून ठेवते.

मरण पडद्यावर दिसतं की नुसतं कळतं? लेस्ली पडताना आपल्याला दिसत नाही. १९४२ च्या 'बॅम्बी'मध्येही फक्त गोळीचा आवाज येतो, मग बर्फ आणि आईला हाका मारणारं पाडस. न दिसलेलं मरण सौम्य असतं असं आपण धरून चालतो, पण काही मुलांना ते जास्त छळतं, कारण जे दिसलं नाही ते मूल स्वतःच्या मनाने रंगवतं. माझ्या लेकीचं तसंच झालं, पाण्यात काय झालं असेल यावर तिने मनातल्या मनात स्वतःचा सीन तयार केला होता.

दुसरं, मरण कोणाच्या हातून होतं? हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच पुस्तक आणि फिल्म कधीकधी वेगळे वागतात. 'ओल्ड येलर'चं उदाहरण घ्या. फ्रेड गिप्सन यांचं पुस्तक १९५६ चं, डिस्नेची फिल्म लगेच १९५७ ची. कुटुंबाला वाचवताना कुत्र्याला पिसाळलेला लांडगा चावतो आणि शेवटी पोराला, ट्रॅव्हिसला, स्वतःच्या कुत्र्यावर गोळी झाडावी लागते. पुस्तकात हे त्याच रात्री घडतं, रेबीज झालाय का बघत बसायची सोयच नसते. फिल्ममध्ये मात्र कुत्र्याला कोंडून ठेवतात, वाट बघतात, आशा धरतात, आणि मग एक दिवस तो आपल्याच माणसांवर गुरगुरतो. म्हणजे फिल्मने आशा लांबवली, पण त्याबरोबर पोराच्या मनावरचा संशयाचा भार थोडा कमी केला, कारण आता कुत्रा पिसाळलाय हे डोळ्यांनी दिसतं. पुस्तकात त्याला नुसत्या खात्रीच्या जोरावर गोळी झाडायची आहे. कुठलं मूल कशाने जास्त हलेल हे तुम्हालाच माहीत. घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर ही फिल्म मी निदान नऊ-दहा वर्षांपर्यंत ठेवून देईन.

तिसरं, मरताना कोणी जवळ असतं का? ई. बी. व्हाइट यांच्या 'शार्लट्स वेब'मध्ये, १९५२ च्या पुस्तकात, शार्लट नावाची कोळीण जत्रेच्या मैदानावर सगळे निघून गेल्यावर एकटी मरते, आणि तिच्याजवळ कोणीच नव्हतं हे लेखक सरळ सांगतो, काहीही न लपवता. सांगतात की स्वतःच्या आवाजात पुस्तक रेकॉर्ड करताना व्हाइटना या जागी रडू आवरेना आणि तेवढा भाग सतरा वेळा करावा लागला. एकटेपण हा मुलांचा मोठा धसका असतो, मरणाहूनही मोठा कधीकधी, त्यामुळे असा सीन असेल तर त्यावर बोलायची तयारी ठेवा.

चौथं, मरणानंतर किती मिनिटं उरतात आणि त्या मिनिटांत काय आहे? घड्याळ लावून लिहा. 'शार्लट्स वेब'मध्ये विल्बर हे डुकराचं पिल्लू तिची अंडी तोंडात धरून घरी आणतं, हिवाळाभर सांभाळतं, वसंतात ५१४ पिल्लं बाहेर येतात, बहुतेक सगळी वाऱ्यावर उडून जातात आणि तीन राहतात. हे तीन राहणं हेच सगळं काही आहे. उलट 'बॅम्बी'मध्ये आई गेल्यावर जरा वेळाने पडदा काळा होतो आणि एकदम वसंत, पक्षी, गाणं. दुःखाला बसायला पाटच ठेवलेला नाही. अशा ठिकाणी तो पाट तुम्हाला मांडावा लागतो, म्हणजे पॉज दाबून दोन मिनिटं थांबायचं. माझ्या वहीत त्या जागेपुढे नुसतं 'थांब' लिहिलेलं आहे.

आणि पाचवं, गोष्ट सांगणारा जगला-वाचला आहे का? हे मला 'श्यामची आई'मुळे सुचलं. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकात मोठा झालेला श्याम आपल्या मित्रांना रात्रीमागून रात्र, अशा ४२ रात्री, आईच्या आठवणी सांगतो. शेवटाकडे आई जाते आणि श्याम पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. तरीही ऐकणाऱ्या मुलाला पहिल्या रात्रीपासून माहीत असतं की हा मुलगा तगला, मोठा झाला, त्याला मित्र मिळाले, आणि आईबद्दल तो बोलू शकतो. केवढा आधार असतो तो. अशी सांगण्याची चौकट ज्या फिल्ममध्ये नसेल तिथे तो आधार तुम्ही शब्दांत द्यायचा, 'हा मुलगा पुढे मोठा होतो हं' एवढं सुरुवातीला सांगितलं तरी पुरतं.

तिसरी पायरी: आधी पुस्तक की आधी फिल्म

यावर लोक तावातावाने भांडतात. माझं मत सरळ आहे, दुःखाची गोष्ट असेल तर आधी पुस्तक, आणि तेही शक्य असेल तर मोठ्याने वाचून.

कारण पुस्तकात वेग मुलाच्या हातात असतो. भीती वाटली की पान उलटायचं थांबवता येतं, मागचं मजेचं प्रकरण परत वाचता येतं, पुस्तक उशीखाली ठेवून झोपता येतं. फिल्म थांबत नाही, ती स्वतःच्या वेगाने येते, वर म्युझिक असतं जे तुम्हाला काही कळायच्या आधीच घसा दाटून आणतं, आणि कॅमेरा त्या मुलाच्या चेहऱ्याच्या इतका जवळ जातो की नजर वळवायला जागा उरत नाही. पुस्तक आधी वाचलेलं मूल फिल्म बघताना काय होणार हे जाणून असतं आणि मग ते 'कसं' दाखवलंय याकडे लक्ष देऊ शकतं.

वाचताना तुमचा आवाज चिरकला, रडू आलं, तर येऊ द्या. लेखकालाच सतरा वेळा जमलं नाही तर आपण कोण.

पण दोन अपवाद. वाचनाचा कंटाळा असलेल्या मुलाला जबरदस्तीने जाड पुस्तक दिलं तर दुःख राहिलं बाजूला, पुस्तकाचाच राग येतो, तिथे फिल्म आधी चालेल. आणि काही फिल्म्सनी पुस्तकात नसलेला आधार घातलेला असतो. 'अ मॉन्स्टर कॉल्स' घ्या. ही कल्पना मुळात शिवॉन डाउड यांची, त्या २००७ मध्ये कॅन्सरने गेल्या, मग पॅट्रिक नेस यांनी त्यावरून २०११ मध्ये पुस्तक लिहिलं, आणि २०१६ च्या फिल्मची पटकथाही त्यांनीच लिहिली. आई आजारी असलेल्या कॉनरकडे रात्री १२ वाजून ७ मिनिटांनी यू नावाच्या झाडाचा राक्षस येतो आणि गोष्टी सांगतो. पुस्तक संपतं तेव्हा कॉनरने आईला घट्ट धरलेलं असतं. फिल्म अजून एक पाऊल पुढे जाते, आई गेल्यावर त्याला तिची जुनी चित्रांची वही सापडते आणि त्यात तोच राक्षस तिने लहानपणी काढलेला असतो. ही वही पुस्तकात नाही. काही जाणकारांना ती जास्तीची वाटते, मला मात्र मुलांच्या बाजूने विचार केला तर ती फार मोलाची वाटते, कारण आईनंतर आईचं काय उरतं या प्रश्नाला ती हातात धरता येईल असं उत्तर देते.

दोन्ही झाल्यावर मुलाला एकच विचारा, फिल्मवाल्यांनी काय बदललं? यावर मुलं तासभर बोलतात, आणि दुःखाबद्दल थेट न विचारता त्याबद्दल सगळं बोलून होतं. रेमंड ब्रिग्ज यांचं 'द स्नोमॅन' यासाठी सगळ्यात सोपं, एकही शब्द नसलेलं चित्रांचं पुस्तक १९७८ चं, फिल्म १९८२ ची, अर्ध्या तासाच्या आतली. दोन्हींत सकाळी बर्फाचा माणूस वितळलेला असतो. पण फिल्ममध्ये मधे सांताक्लॉज येतो, तो मुलाला मफलर देतो, आणि शेवटी त्या वितळलेल्या ढिगापाशी बसलेल्या मुलाच्या हातात तो मफलर असतो. पुस्तकात सांताही नाही, मफलरही नाही. सहा-सात वर्षांच्या मुलासोबत या प्रकाराची सुरुवात करायची तर मी इथूनच करेन.

चौथी पायरी: वयापेक्षा घरात काय चाललंय ते बघा

साधारण पाच ते सात या वयात बऱ्याच मुलांना हळूहळू कळायला लागतं की मरण परत फिरवता येत नाही, ते सगळ्यांना येतं आणि मेल्यावर शरीर काम करायचं थांबतं. त्याआधी मूल रडेल, मग दहा मिनिटांनी विचारेल की शार्लट परत कधी येणार. यात काही बिघडलेलं नसतं, शांतपणे परत सांगायचं.

पण वयाचे आकडे एका मर्यादेपर्यंतच उपयोगी पडतात. घरातलं कोणी नुकतंच गेलं असेल, आई-बाबा वेगळे होत असतील, कोणी आजारी असेल, नुकतीच शाळा बदलली असेल, तर दहा वर्षांच्या मुलालाही सहाचं समजून चाला. कधीकधी उलटंही होतं, ज्याच्या घरी खरंच कोणी गेलंय त्या मुलाला आपल्यासारखं कोणीतरी पडद्यावर दिसलं तर हलकं वाटतं, कारण आजूबाजूचे सगळे विषय टाळत असतात. पण ते त्याने मागितलं तर. आपण होऊन 'हे बघ, तुला बरं वाटेल' म्हणून औषधासारखी फिल्म पाजू नका. मूल समुपदेशकाकडे जात असेल तर त्यांना आधी विचारा.

पाचवी पायरी: आधी किती सांगायचं

लहान मुलांना सांगून टाका. सस्पेन्स बिघडेल म्हणून मी पूर्वी गप्प बसायचे, आता नाही. 'यात एक मुलगी आहे, तिची आणि त्या मुलाची खूप दोस्ती होते आणि ती शेवटाकडे मरते. ते वाईट आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही, त्यानंतर बराच वेळ आहे आणि मला तो भाग सगळ्यात आवडतो.' बास, एवढंच. कसं मरते, कधी, हे विचारलं तरच.

शब्द मात्र स्पष्ट वापरा. 'झोपली', 'देवाघरी गेली', 'लांब गेली' हे आपल्याला सोपं पडतं, पण लहान मूल ते शब्दशः घेतं, मग ते झोपायला घाबरतं किंवा कोणी गावाला निघालं की रडतं. 'बॅम्बी'मध्ये बाप पाडसाला एवढंच सांगतो की तुझी आई आता तुझ्यासोबत राहू शकत नाही. तिथे माझ्या पाच वर्षांच्या भाच्याने विचारलं होतं, 'का? भांडण झालं?' तेव्हा पॉज करून मी सांगितलं, शिकाऱ्याची गोळी लागून ती मेली, तिचं शरीर थांबलं. तो रडला, पण त्याला कळलं. घरात देवाघरी म्हणायची पद्धत असेल तर म्हणा, पण आधी 'मेली' म्हणा आणि मग ते.

दहा-अकराच्या पुढच्या मुलांना आधी विचारा, सांगू की नको. त्यांना त्यांचं कळतं.

सहावी पायरी: बसायची तयारी

रात्री झोपायच्या आधी अजिबात नको. सुट्टीच्या दिवशी सकाळी किंवा दुपारी, म्हणजे नंतर खेळायला, बोलायला उजेडाचे चार तास उरतात. खोलीत पूर्ण अंधार नको, आवाज नेहमीपेक्षा थोडा कमी, कारण निम्मं रडू बॅकग्राउंड म्युझिक आणतं हे आवाज बारीक केल्यावर लगेच कळतं.

आणि रिमोट मुलाच्या हातात. या पायरीतलं बाकी काही नाही केलंत तरी चालेल, ही एक गोष्ट मात्र करून बघा. आधी म्हटलं ना, पुस्तकात वेग मुलाच्या हातात असतो आणि फिल्ममध्ये नसतो, तर तो वेग परत मुलाच्या हातात द्यायचा हा सगळ्यात साधा मार्ग. 'तुला वाटेल तेव्हा थांबव, कारण सांगायची गरज नाही.' आमच्याकडे दुसऱ्यांदा ती फिल्म लावली तेव्हा लेकीने दोर दिसला की पॉज, पुन्हा दोर दिसला की पॉज असं चार वेळा केलं, प्रत्येक वेळी उठली, पाणी प्यायली, परत आली. मी काही बोलले नाही. पाचव्यांदा दोर आला तेव्हा ती थांबली नाही.

धाकटं भावंड असेल तर त्याची सोय दुसरीकडे करा, एकाच वेळी दोन वयं सांभाळता येत नाहीत.

सातवी पायरी: बघताना

फार बोलू नका, शेजारी बसा, चिकटून बसता येईल असं. त्याच्या चेहऱ्याकडे सारखं बघत राहू नका, मुलांना ते लगेच जाणवतं आणि मग ती आपल्यासाठी चेहरा करतात. तुम्हाला रडू आलं तर लपवू नका, पण मुलाला तुम्हाला सांभाळावं लागेल इतकं पण नको, 'मला वाईट वाटलं, मी ठीक आहे' एवढं म्हणायचं.

सीन फॉरवर्ड करू नका. पळवलेला सीन मुलाच्या डोक्यात खऱ्या सीनपेक्षा शंभरपट भयानक होऊन बसतो. त्याला नसेल बघायचा तर त्याने डोळे मिटावेत आणि तुम्ही हळू आवाजात काय चाललंय ते सांगावं, आम्ही तसं बऱ्याचदा केलंय.

आणि मधेच बंद करायची वेळ आलीच, मूल म्हणालं की बास, तर बास. पण मग त्याच दिवशी उरलेली गोष्ट तोंडाने सांगून पूर्ण करा, दहा वाक्यांत का होईना, पुलापर्यंत, त्या तीन पिल्लांपर्यंत, चित्रांच्या वहीपर्यंत. मी पहिल्या वेळी नेमकं हेच केलं नव्हतं.

आठवी पायरी: संपल्यावर

पाट्या वर जाईपर्यंत बसून राहा. 'काय शिकलास?' हा प्रश्न कृपा करून विचारू नका, त्याने गोष्ट धड्यासारखी होते आणि मूल बंद होतं. मी फक्त म्हणते, 'मला त्या कडक बाई बोलतात तो सीन परत बघावासा वाटतोय.' मग लेक तिला आवडलेला सांगते.

पाच मिनिटांत मूल उठून खेळायला पळालं तर त्याला काही वाटलंच नाही असं समजू नका. मुलं दुःखात डबक्यात उडी मारल्यासारखी जातात आणि लगेच बाहेर येतात, मग अचानक दात घासताना परत उडी. त्या दात घासतानाच्या वेळी तुम्ही हजर असायला हवं, खरी बोलणी तिथेच होतात.

जे प्रश्न येतात त्यात तीन नेहमीचे, कोणाची चूक होती, तू पण मरशील का, आणि मला राग आला होता म्हणून असं होतं का. हा तिसरा मुलं तोंडाने क्वचित विचारतात, पण असतो. 'अ मॉन्स्टर कॉल्स'ची सगळी गाठ तिथेच आहे, आई मरू नये असं कॉनरला वाटतं आणि त्याच वेळी हे सगळं एकदाचं संपावं असंही वाटतं, आणि तो स्वतःला त्याबद्दल माफ करू शकत नाही. मुलाला सांगा की मनात आलेल्या विचाराने कोणी मरत नाही, आणि दोन उलट गोष्टी एकाच वेळी वाटू शकतात. 'तू मरशील का' यावर कधीच नाही असं खोटं सांगू नका, 'बहुतेक मी खूप म्हातारी होईपर्यंत असेन, आणि मी नसले तर तुला सांभाळणारे हे हे लोक आहेत' असं नावं घेऊन सांगा. आणि लेकीचा तो प्रश्न, सोबत नेलं असतं तर? मी शेवटी तिला म्हणाले, 'नेलं असतं तर ती त्या दिवशी वाचली असती. पण त्याला माहीत नव्हतं. माहीत नसताना झालेली गोष्ट गुन्हा नसतो.' ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, 'हे त्याला कोणीतरी सांगायला पाहिजे होतं.'

इतिहासातल्या फिल्म्सबद्दल थोडं

युद्ध, छळछावण्या यावरच्या गोष्टींना वरचं सगळं लागू आहेच, पण एक जास्तीची जबाबदारी येते, ती खरेपणाची. जॉन बॉयन यांचं २००६ चं 'द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज' आणि त्यावरची २००८ ची फिल्म खूप लोक मुलांना दाखवतात. छळछावणीवरच्या नाझी अधिकाऱ्याचा मुलगा आणि कुंपणाआडचा ज्यू मुलगा यांच्या दोस्तीची ही गोष्ट. फिल्म गॅस चेंबरच्या बंद दारावर संपते, त्यानंतर काहीच नाही, पुस्तकात निदान एक छोटं शेवटचं प्रकरण आहे ज्यात बापाला आपण काय केलं ते उमगतं. शिवाय ऑशविट्झ या नाझी छळछावणीच्या स्मारक-संग्रहालयाने २०२० मध्ये जाहीर सांगितलं की हा इतिहास शिकायचा असेल तर हे पुस्तक टाळावं. मी बारा-तेराच्या आत ही दाखवणार नाही, आणि दाखवली तर त्याच आठवड्यात त्या काळात खरंच जगलेल्या एखाद्या मुलाची किंवा मुलीची डायरी वाचायला देईन.

पुढचे दिवस

चित्रं, खेळ, बाहुली 'मरते' आणि तिला पुरतात, हे सगळं होऊ द्या. काही रात्री दिवा लागेल, लावा. पण झोप, खाणं, शाळेत जाणं दोन-तीन आठवडे बिघडलेलंच राहिलं, किंवा मूल स्वतःला इजा करायबद्दल बोलायला लागलं, तर मग हा विषय फिल्मचा राहिलेला नाही, डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला, थांबू नका.

आणि तीच फिल्म परत बघायची आहे म्हणालं तर हो म्हणा, दहाव्यांदा म्हणालं तरी. आमच्याकडे आता ती फिल्म सुरुवातीपासून कधीच लागत नाही. लेक सरळ त्या कडक बाईंच्या सीनवर जाते, मला हाक मारते, आणि आम्ही तिथून पुलापर्यंत बघतो.